शिल्लक तेवढी पुढे ओढा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी ३८ वर्षांची, बेळगावच्या वडगावात राहते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मिस्टरांचे चार माग आहेत. घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. दीड वर्षापूर्वी डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे, चालायला लागा. तेव्हापासून मी नऊ अ‍ॅप बदलली. पावलांची तीन, खाण्याच्या कॅलरीची दोन, कामाच्या यादीची तीन आणि सवयींचं एक. तीन ठिकाणी वर्षाचे पैसे भरलेत, त्यातल्या एकाचे येत्या २७ तारखेला पुन्हा कापले जाणार. ४१ दिवस सलग चालले, मग मंगाईच्या यात्रेला पाहुणे आले आणि स्ट्रीक तुटली. ते अ‍ॅप परत उघडलंच नाही, दुसरं घेतलं. १०,००० पावलं कधीच होत नाहीत. ऑफिसातून यायला साडेसहा होतात, अंधारात येळ्ळूर रोडला एकटीने जायला नको वाटतं. यादीच्या अ‍ॅपमध्ये आज ४३ कामं बाकी आहेत, बघितलं की छाती दडपते. त्याचा फोटो सोबत पाठवते. दीर फौजेत आहेत, ते म्हणतात चालण्या-धावण्याची नोंद ठेवणारं स्ट्राव्हा घ्या, घरचे सगळे एका ग्रुपात राहू. ऑफिसातली मुलगी म्हणते याद्या-तक्त्यांसाठी नोशन घ्या. नेमकं कुठलं घेऊ? जुन्यातलं नव्यात कसं नेऊ? की माझ्यातच चिकाटी नाही? नाव छापू नका.

उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात सलत असला की बाकीचं काही कानात शिरणार नाही. चिकाटी तुमच्यात आहे. जी बाई दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ आणि २० तारीख चुकू देत नाही, दहावीच्या पोराचं आणि सासूबाईंचं वेळापत्रक डोक्यात वागवते, आणि त्यातूनही ४१ दिवस सलग चालून दाखवते, तिला चिकाटी नाही असं कुणी म्हणणार नाही. तुम्हाला तसं वाटलं ते त्या पडद्यावरच्या शून्यामुळे. काल तिथे ४१ होतं, आज शून्य. ते शून्य तुम्ही स्वतःवर ओढून घेतलंत.

मंगाईची यात्रा असताना, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना वडगावातली कुठली सून संध्याकाळी पायात बूट घालून बाहेर पडू शकते? यात्रा दरवर्षी आषाढात येणार. तिच्या मागोमाग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. आपल्याकडचं वर्षच असं आहे, आणि ते असंच असावं. एक दिवस चुकला की सगळं पुसून टाकणारी मोजणी या वर्षात बसत नाही.

माझे वडील तालमीत जायचे. तिथे भिंतीवर कोळशाने जोर-बैठकांचे आकडे लिहिलेले असत. भातलावणीच्या दिवसांत एखादा गडी पंधरा दिवस फिरकला नाही तरी त्याचे आधीचे आकडे कुणी पुसत नसे. लावण संपली की तो यायचा आणि त्याच रेघेपुढे नवा आकडा लिहायचा. तुम्ही तर हिशेबातल्या. मध्ये चार दिवस ऑफिस बंद राहिलं म्हणून खातेवहीतल्या मागच्या नोंदी शून्य होतात का?

याचा अभ्यासही झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावायला सांगितली आणि ती अंगवळणी कधी पडते ते पाहिलं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तुम्ही ४१ दिवसांवर होतात. पुढच्या दिवशी त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच रस्त्यावर निघाला असतात तर काहीच बिघडलं नसतं. बिघडलं ते अ‍ॅप बदलल्याने, कारण नव्या अ‍ॅपमध्ये पुन्हा नाव घाला, वजन घाला, उद्दिष्ट ठरवा, आणि त्या गडबडीत चालणंच राहून गेलं.

आता ते १०,०००. या आकड्याने आपल्याकडच्या बायकांना फार छळलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या परिषदेत ठरलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. गोल आकडा, लक्षात राहायला सोपा. तिथून तो जगभर गेला आणि आज प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत आय-मिन ली यांच्या गटाने सुमारे १६,७०० वयस्कर बायकांची पावलं खरोखर मोजली. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, फायदा वाढत वाढत साधारण ७,५०० पर्यंत गेला आणि मग जवळपास स्थिरावला. तुम्ही त्यांच्याहून कितीतरी तरुण आहात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण दहा हजाराच्या खालचं सगळं वाया जातं, ही समजूत तेवढी मनातून काढा.

पावलांऐवजी मिनिटं धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनेत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि तो अर्धा तास एकसलग हवा असंही नाही. शुगर काठावर असलेल्यांसाठी तर आपल्याकडचाच पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. खाण्यात बदल आणि नियमित चालणं एवढ्यावर, पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. त्या लोकांच्या खिशात कुठलं अ‍ॅप नव्हतं.

मग तुमचा अर्धा तास कुठून काढायचा? साडेसहानंतरचा येळ्ळूर रोड सोडून द्या. एकटीला नको वाटतं म्हणता, तर तेवढं कारण पुरे आहे, त्यावर स्वतःशी भांडू नका. दुपारी डबा खाऊन झाला की कारखान्याच्या आवारात दहा मिनिटं चाला. रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं गल्लीतच, मुलाला बरोबर घेऊन. दहावीचा असला तरी दिवसभर पुस्तकात मान घातलेल्या पोराला तेवढा वारा लागायलाच हवा. जेवणानंतरचं चालणं रक्तातली चढती साखर आवरायला मदत करतं, म्हणून ही वेळ तुमच्यासाठी सकाळपेक्षाही चांगली. जून ते सप्टेंबर आपल्या बेळगावचा पाऊस कुणाला बाहेर पडू देत नाही. त्या दिवसांत घरातच सूर्यनमस्कार घाला. गुडघे कुरकुरत नसतील तर सहापासून सुरू करा, स्नायूंच्या दोन दिवसांचंही काम त्यातच बरंचसं होईल. त्यासाठी योगाचं दहावं अ‍ॅप नको.

आणि खरा आकडा फोनमध्ये नाहीच. तो प्रयोगशाळेच्या कागदावर आहे. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे काठावर. डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी ती करा. अ‍ॅप चांगलं की वाईट हे त्या कागदावरून ठरवा, रोज रात्रीच्या हिरव्या-लाल गोलावरून ठरवू नका.

आता तुमच्या यादीचा फोटो. मला खरं तर याच्यावरच लिहायचं आहे.

मी ती यादी बसून वाचली आणि वहीत तीन रकाने पाडले. ४३ पैकी ९ कामं ऑफिसची. २८ घरची: सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्या, ट्यूशनची फी, गॅस लावणे, पाण्याच्या दिवशी टाकी, मिस्टरांच्या सुताच्या बिलांचा हिशेब, मुलाचे बूट, नणंदेच्या घरच्या वास्तुशांतीचा आहेर. उरली सहा तुमची स्वतःची. त्यातलं एक 'डोळे तपासून घेणे'. त्याच्यापुढे तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे, आणि अ‍ॅप रोज ती लाल रंगात दाखवतं.

तीन अ‍ॅप बदलूनही यादी आवरली नाही, कारण ती चार माणसांची यादी आहे आणि एकाच फोनमध्ये आहे. नोशन घेतलंत तर या ४३ कामांचे सुंदर तक्ते होतील. मग ४३ कामं तक्त्यात दिसतील, आणि करणारी बाई तीच असेल. तुमच्या ऑफिसातल्या मुलीचा सल्ला चुकीचा नाही. तिच्या यादीत फक्त तिची कामं असतील, तिला नोशन पुरेल. तुमची अडचण वेगळी आहे.

म्हणून असं करा. ऑफिसची ९ कामं ऑफिसातच ठेवा, टेबलावरच्या डायरीत किंवा तिथल्या कॉम्प्युटरवर. ती घरच्या फोनमध्ये येता कामा नयेत. घरची २८ एका सामायिक यादीत घाला, जी मिस्टरांच्या आणि मुलाच्या फोनमध्येही उघडेल. यासाठी गूगल कीप पुरेसं आहे. ते फुकट आहे, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतंच, नसलं तर दोन मिनिटांत येतं. टिकमार्कची यादी करायची आणि समोरच्याच्या जीमेलवर ती वाटून घ्यायची. त्यांनी टिक केलं की तुमच्याकडे खोडलेलं दिसतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून लिहा. गूगलच्या कीबोर्डला २०१७ पासून मराठी बोललेलं कळतं आणि कन्नडही कळतं. आपल्याकडे घरात मराठी आणि मागावरच्या कामगाराशी कन्नड असं चालतं, तेव्हा दोन्ही भाषा चालू करून ठेवा.

यादी वाटून घेणं सोपं, काम वाटून घेणं अवघड, हे मला माहीत आहे. मिस्टरांसमोर एकदम २८ कामं ठेवू नका. रविवारी दुपारी जेवणं झाली की फोन मध्ये ठेवून म्हणा, "हे बघा की, यातली पाच तुम्ही घ्या, तीन पोराला द्या. कुठली घ्यायची ते तुम्हीच ठरवा." स्वतः निवडलेलं काम माणूस करतो. आणि एखादं काम त्यांनी घेतलं की ते तुमच्या डोक्यातून पुसून टाका. गॅस संपला तरी आठवण करून द्यायची नाही. एकदा चहा न मिळालेला परवडेल. सुताच्या बिलांचा हिशेब मात्र तुमच्याकडेच राहू दे असं वाटत असेल तर त्याला कामाचा दर्जा द्या, आठवड्यातला एक ठरलेला तास, आणि त्या तासात स्वयंपाक दुसरं कुणी बघेल.

तुमची सहा कामं वेगळ्या छोट्या यादीत, जी कुणालाच दाखवायची नाही. रोज त्यातलं एक.

आता अ‍ॅपकडे येते. निवडताना लोक गुण बघतात: किती रंग, किती तक्ते, किती मेडल. मी आधी एकच विचारते: यातून बाहेर पडताना माझं मला परत मिळेल का? हे मी ठेच खाऊन शिकले. रोजनिशी लिहायचं एक अ‍ॅप मी तीन वर्षं वापरत होते. ते बंद होणार असल्याची मेल आली ती मी जाहिरात समजून पुढे ढकलली. आईच्या शेवटच्या आजारपणातलं माझं लिखाण त्यात होतं. ते गेलं.

असं मोठ्या नावांचंही होतं. वंडरलिस्ट नावाचं यादीचं लाडकं अ‍ॅप होतं. २०१५ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. लोकांना मायक्रोसॉफ्ट टू डूकडे जावं लागलं, निदान तिथे जुन्या याद्या नेता आल्या. एंडोमोंडो हे धावणाऱ्यांचं अ‍ॅप २०२० च्या शेवटी बंद झालं. नोंदी लिहून ठेवायचं एव्हरनोट २००८ पासून आहे, पण २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना फक्त ५० नोंदी आणि एकच वही उरली. कॅलरी मोजणाऱ्या मायफिटनेसपालमध्ये डब्यावरचा बारकोड वाचायची सोय २०२२ मध्ये पैसेवाल्यांपुरती झाली. पावलं मोजणाऱ्या गूगल फिटचं दारही गूगल हळूहळू लावून घेत आहे, त्याची घोषणा २०२४ मध्येच झाली. म्हणजे तुम्ही कितीही एकनिष्ठ राहिलात तरी कधीतरी बदलावं लागणारच. बदल करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो नीट करावा.

नीट म्हणजे कसा, हे तुम्हाला मी काय सांगणार! मार्चअखेर तुम्ही नवी वही उघडता तेव्हा जुन्या वर्षाची प्रत्येक पावती नव्या वहीत उतरवता का? अखेरची शिल्लक पुढे ओढता आणि जुनी वही कपाटात ठेवता. अ‍ॅपचंही तसंच करा. दीड वर्षाची पावलं, प्रत्येक दिवसाचं जेवण, पूर्ण झालेली कामं नव्या अ‍ॅपमध्ये नेण्याचा हट्ट सोडा. आकडे जुळत नाहीत, तारखा उलट्यापालट्या होतात, आणि दोन रविवार त्यातच जातात. पुढे ओढायची शिल्लक इतकीच: आजचं वजन, कमरेचं माप, शेवटचा एचबीए१सी, मागच्या महिन्याची सरासरी पावलं, आणि बाकी असलेली कामं. त्या बाकी कामांतलीही जी सहा महिने हललेली नाहीत ती तिथेच सोडून द्या. एका कागदावर मावेल एवढं आहे.

जुनी वही कपाटात ठेवायची म्हणजे एक्स्पोर्ट, आपल्या नोंदींची फाइल बाहेर काढून घेणं. बहुतेक चांगल्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड युवर डेटा' असं काहीतरी असतं. सीएसव्ही फाइल मिळाली तर उत्तम, ती तुमच्या एक्सेलमध्ये सरळ उघडेल. गूगलच्या गोष्टींसाठी गूगल टेकआउट आहे. नोशन आणि कामांच्या यादीच्या टुडूइस्टमधूनही सीएसव्ही निघते. फाइल उघडून, आत खरोखर आकडे आहेत हे डोळ्यांनी बघून मगच जुनं खातं बंद करा. ज्या अ‍ॅपमध्ये ही सोयच सापडत नाही, त्याच्यात शिरूच नका.

पावलांसाठी फोनबरोबर आलेलं जे काही असेल तेच ठेवा आणि त्याला हेल्थ कनेक्टशी जोडा. हे अँड्रॉइडचं स्वतःचं कोठार आहे, अँड्रॉइड १४ पासून ते फोनच्या सेटिंगमध्येच असतं. नोंदी तुमच्या फोनवर साठतात आणि कुठल्या अ‍ॅपने त्या वाचायच्या हे तुम्ही ठरवता. उद्या पावलांचं अ‍ॅप बदललं तरी कोठार तेच. फक्त एक ध्यानात ठेवा, नव्या अ‍ॅपला साधारणपणे परवानगी दिली त्याच्या आधीच्या ३० दिवसांचंच वाचता येतं, त्यामागच्या इतिहासासाठी वेगळी परवानगी लागते. आणि ऑफिसात फोन टेबलावर पडून असताना तुम्ही कपाटापर्यंत केलेल्या चाळीस फेऱ्या कुठल्याच अ‍ॅपला कळत नाहीत. उलट दुचाकीवरचे धक्के कधीकधी पावलं म्हणून धरले जातात. मोजणी मध्येच थांबत असेल तर बॅटरी वाचवायच्या सेटिंगमधून ते अ‍ॅप वगळा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. जावेची पावलं आणि तुमची पावलं ताडून बघू नका. आपल्याच मागच्या महिन्याशी आपली तुलना करा.

कॅलरीचं अ‍ॅप सध्या दोन्ही काढून टाका. आपल्या घरची ज्वारीची भाकरी एका हाताची एक मापाची, दुसऱ्या हाताची दुसऱ्या. त्यावर 'एक भाकरी' असं लिहून आलेला आकडा अंदाजच असतो. बेंगळुरूच्या हेल्थिफायकडे (आधीचं नाव हेल्थिफायमी) आपल्या जेवणाची यादी परदेशी अ‍ॅपपेक्षा भरपूर आहे, आणि आहारतज्ज्ञांनी मुद्दाम लिहून आणायला सांगितलं तर ते वापरा. तोवर ताटाचा फोटो काढा, आठवड्यातून तीन दिवस. भात किती आणि भाजी-उसळ किती, हे फोटोत लगेच दिसतं. मायफिटनेसपालवर खातं असेल आणि तोच पासवर्ड बँकेला असेल तर आजच बदला. २०१८ मध्ये त्यांच्याकडून सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती.

सवयींसाठी काही हवंच असेल तर लूप हॅबिट ट्रॅकर बघा. फुकट, जाहिरात नाही, नोंदी फोनमध्येच राहतात आणि सीएसव्ही निघते. मला त्यातलं आवडतं ते हे की एक दिवस चुकला तर तुमचा गुण थोडासाच घसरतो, कोसळत नाही.

दिरांचं स्ट्राव्हा. घरचे सगळे एका ग्रुपात, ही कल्पना मला मनापासून आवडली. बरोबरीने चालणारं माणूस असलं की पाय निघतो. पण एक गोष्ट दिरांच्या कानावर घाला. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जगभरच्या धावण्याच्या नकाशावरून काही देशांच्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळून दिसत असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. जवान रोज धावायचे, फोन रेघ ओढत राहायचा. आपलं गाव मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं, इथल्या घराघरात कुणीतरी फौजेत आहे. तेव्हा दिरांनी युनिटच्या नियमाप्रमाणेच वागावं आणि ड्युटीवरच्या ठिकाणी ते अ‍ॅप बंद ठेवावं. तुम्हीही वापरणार असाल तर सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग लपवा आणि नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असं करा. रोज एकाच वेळी कुठून निघता हे अनोळखी माणसाला कळायचं काही कारण नाही. सोपा मार्ग म्हणजे घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. रात्री प्रत्येकाने आजची मिनिटं लिहायची. सासूबाईही त्यात येऊ शकतात, अंगणातल्या दहा मिनिटांसकट.

बदल केव्हा करायचा, तेही ठरवून टाका. वर्षातून दोनदाच: गुढीपाडवा आणि दिवाळी पाडवा. दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडायची आपली रीत आहेच. नव्या तारखेला नवं सुरू करायचा हुरूप येतो हे २०१४ मध्ये कॅटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातही दिसलं. मधल्या काळात कुणी नवं अ‍ॅप दाखवलं तर नाव कागदावर लिहून ठेवा आणि पाडव्याला तो कागद काढा. याला अपवाद तीनच धरा: अ‍ॅप बंद होणार, त्याने पैसे वाढवले, किंवा माहिती चोरीला गेली. स्ट्रीक तुटली, हे कारण चालणार नाही.

पैशांचं आता, कारण २७ तारीख जवळ आहे. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं होत नाही. यात फार जण फसतात. प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा आणि तिथे तिन्ही नावं शोधा. रद्द केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत ते बहुधा वापरता येतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. तिथे नाव दिसलं नाही तर पैसे थेट कार्डावरून किंवा यूपीआयवरून जात असतील. मग यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप कपात होण्याच्या निदान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवू देऊ नका. रद्द करायची वाटच मुद्दाम लपवली असेल तर तेही गैर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी काढली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर आधी पंधरा मिनिटं मुलाबरोबर गल्लीत फिरून या. आल्यावर तिन्ही सबस्क्रिप्शन बघा, फाइली काढून घ्या, आणि मग अ‍ॅप काढा. घरची यादी रविवारी वाटा. आणि या शनिवारी ऑफिस सुटलं की घरी न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. शुगर काठावर असताना तीन महिने पुढे ढकलायचं काम ते नव्हे. फोन करून वेळ उद्याच घेऊन ठेवा.